भावजींचा पहिला ठोका

"तो गालिचा उचला," मी म्हटलं.

"आई, हॉलवाल्यांनी मुद्दाम घातलाय. फोटोत छान दिसतो," मुलगा म्हणाला.

"गालिच्याचा फोटो काढायला माणसं तिकीट काढून आली नाहीत. भावजींना पायाखाली फळी लागते, हे तुला मी सांगायचं?"

माझे धाकटे दीर ड्रममागे बसून बूट काढत होते. उभा जन्म झांजांच्या कडकडाटात गेला, त्यात दोन्ही कान गेले. पण ते अनवाणी बसतात आणि मी लाकडी टाचेने फळीवर ठेका धरते. तो फळीतून त्यांच्या तळपायात चढतो आणि तिथून हातात उतरतो. आमच्या बँडात हे सगळ्यांना ठाऊक, बाहेर कुणाला नाही. सांगायचं कशाला? लोकांना कीव करायला निमित्तच हवं असतं.

बँड माझ्या नवऱ्याने काढला. बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होता, फुंकर दांडगी, ट्रम्पेट वाजवायचा. कुणा खलाशाकडून फंक आणि सोल, त्या अमेरिकन नाचगाण्यांच्या तबकड्या घेऊन आला आणि घराची झोप उडाली. सॅक्सोफोनला आमचा टेलर, गिटारला गॅरेजवाला, ड्रमवर भावजी आणि गायला मी. सासूबाई म्हणाल्या, "चार लोकांत गाणार तू?" म्हटलं, "भांडी घासताना गाते तेव्हा चाळीस लोक ऐकतात, ते फुकट."

लग्नं वाजवली, कारखान्यांची संमेलनं वाजवली, नाचाचे हॉल वाजवले. एकदा राजधानीतून तबकड्यांच्या कंपनीचा माणूस आला. म्हणाला, बाई आणि ट्रम्पेट द्या, बाकीची माणसं आमची. नवऱ्याने त्याला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत पोचवला. आमचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं नाही. न गेलं तर न गेलं! जिल्ह्यातलं असं एक घर दाखवा, जिथलं कुणी आमच्या गाण्यावर घामाघूम झालं नाही.

फंकमध्ये पहिला ठोका म्हणजे घराचा उंबरा. आत काय धिंगाणा घालायचा तो घाला, उंबऱ्यावर सगळ्यांचा पाय एकदम पडला पाहिजे. आणि नवऱ्याचा नियम असा, की कुणाचा पाय चुकला तर त्याला ओढायचं नाही. तो जिथे पडला तिथे बाकीच्यांनी जायचं. चुकलेला एकटा राहिला तर चूक, सगळे गेले तर गाणं.

नवरा गेल्यावर बँड मुलाकडे आला. बेस गिटार वाजवतो, बोटं बापाची आहेत. डोकं कुणाचं ते देव जाणे. ठोके देणारं एक मशीन घेऊन आलाय, वीतभर.

मुलाने आणि टेलरने गालिचा गुंडाळला. खाली फळी नव्हतीच. सिमेंट होतं. मी टाच आपटली. दगडावर सुपारी फुटावी तेवढा आवाज. भावजींनी पाय टेकवून पाहिला आणि मान खाली घातली.

मुलगा माझ्याजवळ आला. "आई, ऐक. मशीन लावतो. काका तिथेच बसतील, हातात काड्या धरतील, हात हलवतील. लोकांना काही कळणार नाही."

"लोकांना नाही कळणार. त्यांना कळेल ना?"

"मग काय करू? अर्ध्या गाण्यात घसरले म्हणजे? हसं कुणाचं होईल? त्यांचंच ना?"

"काय म्हणतोय तो?" भावजी ओरडले. त्यांना वाटतं ते हळू बोलतात.

"म्हणतोय, काका तरुण दिसतात!" मी तोंड मोठं करून म्हटलं.

"खोटं! तुमची नाकपुडी फुगलीय, वहिनी."

टेलर हसला. मी नाही हसले. भावजींनी काड्या मांडीवर आडव्या ठेवल्या होत्या, ताट पुढून सरकवावं तशा. नवऱ्यामागे त्यांचा एवढाच संसार. लग्न नाही, लेकरू नाही. आज हात नुसते हलवले असते तर उद्या त्यांनी काड्यांना हात लावला नसता.

"मशीन पेटीत घाल," मी म्हटलं. "माझा माईक फिरव. भावजींकडे तोंड करून गाते मी. पायाला नाही कळलं तर डोळ्यांना कळेल. खांदा पडला की पहिला ठोका."

"लोकांकडे पाठ? आई, पुढच्या रांगेत सगळे मोठे लोक आहेत!"

"माझं तोंड त्यांनी जन्मभर पाहिलंय. आता पाठ बघू दे. अजून ताठ आहे."

पडदा वर गेला तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी म्हणालं, "बाई, इकडे!" मी वळले नाही. भावजींच्या डोळ्यात डोळे घातले, खांदा उचलला आणि टाकला. ठोका पडला, अगदी उंबऱ्यावर. पोटातून आवाज निघाला तो मागच्या भिंतीवर आपटून माझ्या पाठीवर परत आला.

दुसऱ्या गाण्यात मधे सगळे थांबतात. एक श्वास शांतता, मग पुन्हा एकदम. तिथे माझ्या डोळ्यात घाम गेला, खांदा जरा लटपटला आणि भावजी अर्धा ठोका उशिरा आले. टेलर लगेच गेला त्यांच्या ठोक्यावर. गॅरेजवाला गेला. मुलगा जिथल्या तिथे उभा होता, बरोबर ठोक्यावर, एकटा. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पोटच्या पोराकडूनसुद्धा ही गोष्ट मागून घ्यायची नसते.

मग बेस घसरला. हळूच, पाय न वाजवता, जाऊन काकाच्या शेजारी बसल्यासारखा. बाप जायचा, तसाच. लोक नाचायला लागले होते. त्यांना वाटलं, गाणं असंच आहे.

गाणं संपलं तशी मागे टाळ्यांची सर उठली. भावजींना ती ऐकू आली नाही. पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि हळूहळू वर चढत गेली, आधी पुढच्या रांगा, मग मागच्या. त्यावरून मला कळलं, की माणसं उभी राहिली आहेत.

त्यांनी घाम पुसला नाही. काडी उचलून भुवई उडवली, पुढचं?

मी खांदा वर घेतला.