बाजूला सारलेली साय

बाबा पाणी तपासणाऱ्या सरकारी खात्याचे नावाडी आणि मी त्याच खात्याच्या प्रयोगशाळेत. दर सोमवारी ते तळ्याच्या मधोमध जाऊन पाण्याची बाटली भरून आणायचे, मी ती तपासून वहीत आकडे लिहायचे. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. तळं जेमतेम कमरेइतकं खोल. नाल्यातून सांडपाणी येतं, शेतांतून खत येतं, आणि त्यावर शेवाळ पोसतं हे शेंबडं पोरही सांगेल. माझे आकडे मात्र म्हणायचे, काळजीचं कारण नाही. नाला वळवा म्हणून मासेमारांनी बैठकीत घसा कोरडा केला, तेव्हा मीच वही आपटून त्यांना गप्प बसवलं. नाला तसाच राहिला.

गेल्या आठवड्यात मासे पोट वर करून तरंगले. आकडे तरीही ठणठणीत. डोकं फिरलं माझं. या सोमवारी बाबा नको नको म्हणत असताना मी होडीत जाऊन बसले.

मधोमध पोचल्यावर बाबांनी वल्हं आडवं ठेवलं. हात पाण्यात घालून वरची हिरवी साय अलगद बाजूला सारली, खालचं पाणी दिसेपर्यंत थांबले आणि मग बाटली बुडवली.

हे कधीपासून करताय, मी विचारलं.

"तू नोकरीला लागलीस तेव्हापासून. तुला कशाला घाणीत हात घालायला लावायचा?"

मला संताप आला, त्यांचाही आणि माझाही. बाटली कशी भरायची हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. जन्म पाण्यावर काढलेल्या बापाला मी काय शिकवणार, म्हणून मी ते टाळलं होतं.

दुसरी बाटली मी भरली, सायीसकट. दुपारी दोन्ही तपासल्या. माझ्या बाटलीत शेवाळ नऊपट निघालं. दोन्ही आकडे घेऊन मी प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. अकरा वर्षांच्या नोंदी रद्द, एवढंच म्हणाल्या. नाला वळवायला निदान दोन वर्षांच्या खऱ्या नोंदी लागतात, त्या आजपासून धरायच्या. तोवर तळं तग धरेल का, हे विचारायला मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी काय निघालं ते विचारलं तेव्हा मी काहीही राखून ठेवलं नाही. मासे, नाला, मासेमारांना मी दिलेली उत्तरं, सगळं त्यांच्या पुढ्यात टाकलं. ते बराच वेळ पंच्याने हात पुसत राहिले. हात कोरडेच होते.

"म्हणजे तळं मीच मारलं म्हण की."

तुम्ही एकट्याने नाही, आपण दोघांनी, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते खरंही होतं. पण राग अजून उतरला नव्हता.

"जेवून घ्या," मी म्हटलं.