बेबाबाईची पाठ

भडगावच्या बेबाबाई सुईणीचा पुतळा घडवताना मूर्तिकार लीलाधर तिच्या पाठीपाशी येऊन अडला. बाईला जाऊन तीस वर्षं झाली होती. मागे राहिलं होतं ते झिपरूनानांनी काढलेलं एकच चित्र, तेही समोरून.

तो पाचोऱ्याला नानांकडे गेला. ऐंशी ओलांडलेल्या नानांचा हात कापत होता, जीभ नाही.

"चित्रकार काय नुसतं तोंड बघतो?" म्हणत त्यांनी कोळसा उचलला आणि भिंतीवरच उतरलेला डावा खांदा काढला. "जन्मभर पिशवी त्याच खांद्याला होती. आणि अंबाडा सैल ठेव. निरोप आला की तशीच धावायची ती, घट्ट बांधायला वेळ कुणाला?"

लीलाधरने अगदी तशीच पाठ घडवली.

अनावरणाला बेबाबाईची म्हातारी लेक शेवंताबाई उशिरा पोचली, ती पुतळ्याच्या मागच्या बाजूनं. तिथंच थबकली.

"हाई तं मन्ही माय शे!"

लोक म्हणाले, अक्का, पुढे या, तोंड बघा. ती हलेना. पुतळ्याच्या टाचेवर हात ठेवून उभी राहिली.

लीलाधरशेजारी उभ्या असलेल्या नानांनी काठी आपटली.

"आपली नावं कोरायची राहिलीत ना? मागं कोर. दोघांची."