हॉर्नचा रिले

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते सकाळभर गाडी पुसत होते. आई दारातून म्हणाली, "माझ्यापेक्षा तिच्याच तब्येतीची चौकशी जास्त."

"ती बोलत नाही ना, विचारावं लागतं. तुझं न विचारता कळतं."

आई हसू दाबत आत गेली. मी पुस्तकातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी चहा घेतानाच त्यांच्या छातीत कळ आली. अंग घामानं भिजलं. ॲम्ब्युलन्स गावाच्या दुसऱ्या टोकाला होती, शेजारी कुलूप. आम्ही दोघींनी त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं. आईनं डोकं मांडीवर घेतलं. मी किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरत राहिला, इंजिन सुरू होईना. पुन्हा फिरवली. पुन्हा.

"थांब, बये," बाबा म्हणाले. जन्मभर त्यांनी गॅरेज चालवलं होतं. "बॅटरी उतरवशील. किल्ली अर्धीच फिरव. मागे काही गुणगुणतंय?"

"नाही."

"माझ्या पाठीलाही थरथर लागत नाही. पेट्रोलची टाकी या सीटखालीच आहे. तिच्यातला पंप चालत नाही."

आई रडकुंडीला आली. "अहो, गप्प पडा ना!"

"गप्प पडलो तर हिला सांगेल कोण? फ्यूज बघ."

स्टिअरिंगखाली वाकून मी डबी उघडली. फ्यूजची तार शाबूत होती.

"मग पंपाला वीज सोडणारा रिले गेला असेल. चौकोनी ठोकळे. झाकणावर चित्रं आहेत बघ. हॉर्नचा काढ, पंपाच्या जागी बसव. दोन्ही सारखेच."

"आणि हॉर्न?"

"तोंड दिलंय की देवानं."

ठोकळा निघेना. नख उलटलं तेव्हा निघाला. बसवला, किल्ली अर्धी फिरवली.

"लागला," बाबा म्हणाले. "पाठीला कळलं."

इंजिन सुरू झालं.

बाजाराच्या तोंडाशी ट्रक आडवा लावून माल उतरवत होते. सवयीनं हॉर्न दाबला, आवाज कुठला? खिडकीतून अर्धी बाहेर येऊन मी ओरडले, "बाजूला घ्या! माझे वडील आहेत आत! बाजूला घ्या ना!" एवढा आवाज मी कधी काढला नव्हता. ट्रक हलला, इंच इंच, जीव खात.

"अगं," मागून आई म्हणाली, "यांचा हात गार लागतोय."

आरशात त्यांचा चेहरा दिसेना. मायेचं काही आमच्या घरात कुणी तोंडानं म्हणत नसे. मी गिअर टाकला आणि ट्रकवाल्यावर ओरडले होते त्याच आवाजात म्हणाले, "बाबा, मला तुम्ही हवे आहात. ऐकताय ना? मला तुम्ही हवे आहात, बाबा."