न कुजणारी वस्तू

माझ्या पायाला भिंगरी आहे असं घरचे म्हणतात. एका जागी बसून जेवणंही मला जमत नाही. त्या दुपारी तर शाळेमागच्या वाफ्याभोवती मी इतक्या फेऱ्या मारल्या की माझ्या जोडीदारानं, म्हणजे प्राध्यापकानं, "बस ना जरा, मला गरगरतंय," म्हणून हात जोडले. तो काही खरा प्राध्यापक नाही. माझ्याच वर्गात आहे, पण कुणी वेळ विचारली तर घड्याळाचा इतिहास सांगतो, म्हणून ते नाव.

आम्ही दोघं शनिवारी कॉलेजकडून पहिलीच्या मुलांना पर्यावरण शिकवायला जातो. फळ्यावर नाही, हातानं करून. त्या दिवशीचा विषय होता, मातीत काय कुजतं आणि काय कुजत नाही. मुलांनी घरून एकेक वस्तू आणायची, आपापला खड्डा करून पुरायची, शेजारी काठी रोवायची आणि महिन्याभरानं उकरून बघायची. केळ्याची सालं आली, पुठ्ठे आले, मोडकी खेळणी आली. प्लॅस्टिक किती वाईट, ते शेकडो वर्षं तसंच राहतं, हे सांगून सांगून मी घसा कोरडा केला. पुरून होताच पोरांनी काठ्यांच्या तलवारी केल्या. माझं डोकं फिरलं. सगळ्या काठ्या हिसकावून मी कपाटात कोंबल्या. आता कुणाचा खड्डा कुठला हे कसं कळणार, हा विचार रागाच्या भरात मनाला शिवलाही नाही.

शाळा सुटली आणि मुंगीची आई धापा टाकत आली. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान चणीची, सतत काहीतरी उचलून नेणारी. तिची आई जहाजावर स्वयंपाक करते. संध्याकाळी तिला जहाजावर चढायचं होतं आणि तिचं प्लॅस्टिकचं ओळखपत्र सापडत नव्हतं. ते नसेल तर बंदरात आत सोडत नाहीत, आणि तिच्या जागी जायला दुसरी बाई तयारच होती. सगळं घर पालथं घालून ती इथं आली होती. आल्या आल्या तिनं मुंगीचं दप्तर उपडं केलं. सकाळी पुरायला म्हणून दिलेला प्लॅस्टिकचा चमचा खाली पडला.

"चमचा तर इथंच आहे," आई म्हणाली. "मग तू पुरलंस काय?"

मुंगीनं चमचा उचलून परत दप्तरात टाकला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आम्ही तिघं खुरपी घेऊन वाफ्यावर तुटून पडलो. आई दर दोन मिनिटांनी मोबाइलवर वेळ बघत होती. प्राध्यापक म्हणाला, एका टोकापासून पद्धतशीर जाऊ. मी म्हटलं, पद्धत नंतर शिकव, आधी खण. साल निघालं, पुठ्ठा निघाला, बाहुलीचा पाय निघाला. मुंगी वाफ्याच्या कोपऱ्यात हात मागे बांधून उभी होती.

"ते माझ्या मैत्रिणीचं साल आहे," ती म्हणाली. "परत पुरा. तिला बघायचंय ते."

माझा तोल गेला. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुझ्या आईचं काम जाईल, कळतंय का तुला?"

"जाऊ दे. मग ती पण जाणार नाही."

"अगं, मग कचऱ्यात का नाही टाकलंस?"

मला एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं. "कचरा गाडीतून घेऊन जातात. हा दादा म्हणाला, माणसं पण मातीत जातात. फक्त प्लॅस्टिक राहतं. त्याच्यावर आईचा फोटो आहे."

प्राध्यापक खुरप्याकडे बघत राहिला. सकाळी कुणीतरी विचारलं होतं, माणसं कुजतात का, आणि यानं उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्याला बोलायला मला तोंड नव्हतं. 'शेकडो वर्षं' हे शब्द माझेच होते. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माझा पाय मुळीच ठरत नाही. मी आणखी एक फेरी मारली.

आईनं खुरपं खाली ठेवलं आणि ती मुंगीसमोर मातीतच बसली.

"मला नाही जायचं गं," ती म्हणाली. "पण हे काम गेलं तर याहून लांबचं शोधावं लागेल. आणि मी येते ना परत? दर वेळी आले ना?"

"दर वेळी आलीस," मुंगीनं कबूल केलं. "पण दर वेळी मला वाटतं, नाही येणार."

आईनं नुसता तिचा हात धरला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"मग तुझं दुसरं काहीतरी ठेव," मुंगी म्हणाली. "प्लॅस्टिकचं."

आईनं पर्स चाचपली आणि कंगवा काढला. मुंगीनं तो वाकवून पाहिला, दातानं चावून पाहिला. त्यात आईचे दोन-चार केस अडकले होते.

"केस कुजतील?" तिनं मला विचारलं.

"खूप उशिरा."

"चालेल," ती म्हणाली आणि एक पाऊल बाजूला सरकली. ओळखपत्र तिच्या पायाखालच्या मातीतच पुरलेलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

आईनं ते कपड्याला पुसलं, मुंगीचे पटापट मुके घेतले आणि ती धावत सुटली. फाटकापाशी एकदा थांबून तिनं मागे पाहिलं. मग ती दिसेनाशी झाली.

मुंगीनं कंगवा खड्ड्यात नीट आडवा ठेवला. "ताई, महिन्यानं सगळं उकरणार ना तुम्ही?"

"हो."

"हे पण?"

प्राध्यापकानं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसं त्यानं ते मिटलं. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती लोटली. "हे नाही. हे तुझी आई उकरेल."

मुंगीनं माती थोपटली. तिला न्यायला मामा यायचा होता, त्याचा अजून पत्ता नव्हता. माझे पाय शिवशिवत होते, पण मी बसून राहिले.

"राहील ना नक्की?"

"राहील. तू, मी, कुणी नसलो तरी राहील."

"इतकं नको," मुंगी म्हणाली. "आई येईपर्यंत राहिलं की बास."