पाऊस पडला, मी कोरडा

मी पर्जन्यमापक बोलतोय. वर नरसाळं, आत बाटली, एवढाच माझा संसार. पत्र्याच्या कारखान्यात मला ठोकून आकार दिला आणि हवामान केंद्राच्या आवारात, सिमेंटच्या ओट्यावर बसवलं. कुंपणापलीकडे शेजारच्या शेतकरी काकूंचा गहू.

या गव्हाचा वैरी मावा. तिळाहून लहान हिरवे किडे. हवा ढगाळ, गार, दमट असली की भराभर वाढतात आणि पानांचा रस शोषतात. जोराची सर आली की धुऊन जातात. उरलेल्यांना ठिपक्यांचे लाल किडे खाऊन टाकतात. म्हणून पाऊस किती पडला, हे नीट सांगणारा कुणीतरी लागतो. तो मी.

माझी नोंद घेणाऱ्या भाऊंना नीटनेटकेपणाचा भारी सोस. तपासणीला साहेब येणार म्हणून त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केलं आणि आत पाचोळा पडू नये म्हणून नरसाळ्यावर जेवणाच्या डब्याचं झाकण ठेवलं. पाऊस मोजणाऱ्याच्याच तोंडावर झाकण!

पहाटे धो धो पाऊस आला. झाकणावर नुसती तडतड. सकाळी भाऊ चिखलाचे बूट घालून आले, झाकणावरचं पाणी झटकलं, बाटलीत डोकावले आणि वहीत लिहिलं, शून्य.

कुंपणापाशी काकू हसत उभ्या होत्या. "अहो भाऊ, मावा धुऊन निघाला बघा! पान न् पान स्वच्छ झालंय."

"कसला पाऊस, काकू? यंत्रात थेंब नाही."

"मग माझे केस काय आपोआप भिजले?"

"दव असेल. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

असा संताप झाला माझा! पायाखाली चिखल, आणि हा गृहस्थ दव म्हणतोय.

ते शून्य वरच्या कचेरीत गेलं आणि दुपारी काकूंच्या फोनवर सल्ला आला: ढगाळ, पण पाऊस नाही, मावा वाढणार, ताबडतोब फवारणी करा. गेल्या हंगामात फवारायला उशीर झाला आणि निम्मा गहू हातचा गेला होता. काकूंचा धीर सुटला. पाठीवर पंप घेऊन त्यांनी सगळं शेत फवारलं. मावा फारसा नव्हताच. मेले ते लाल किडे.

आठवड्याने पुन्हा आभाळ भरलं, गारवा आला, पण सर काही आली नाही. मावा उडत आला आणि त्याला खाणारं कुणी उरलंच नव्हतं. ओंब्या चिकट झाल्या, मग काळ्या पडल्या.

चुकलेल्या नोंदीचं कारण भाऊंनी लिहिलं, 'यंत्र सदोष'. आता मी अडगळीच्या खोलीत, मोडक्या पंख्याशेजारी पडलोय. गळ्यात लाल चिठ्ठी.

परवा काकू खोलीच्या दाराशी भाऊंकडे आल्या. मुठीत सुरकुतलेले दाणे होते. "भाऊ, दाणा भरलाच नाही हो."

"काय करणार काकू, यंत्रच बिघडलेलं."

"यंत्राला कशाला बोलायचं? माझंच चुकलं. डोळ्यांनी पाऊस बघितला आणि तरी फवारलं."

आणि भाऊंनी मान डोलावली. मान डोलावली त्यांनी!

मला भंगारात घाला, वितळवा, माझं काही म्हणणं नाही. पण तिचं काही चुकलं नव्हतं, एवढं त्या बाईला कुणीतरी जाऊन सांगा हो.