वाढत होतं ना!

मी वजनकाटा बोलतोय. हो, तोच, ज्याच्यावर माणसं पोट आत ओढून उभी राहतात, जणू तेवढ्यानं मी फसणार आहे! आजवर पुष्कळांचे रुसवे मी मुकाट सोसले. पण आज मला राग आलाय आणि तो मी गिळणार नाही.

मी राहतो एका शिंप्याच्या घरी. पुढची खोली दुकान, मागे संसार, आणि कापड बेतायच्या टेबलाखाली माझी जागा. शिंपीकाकांचं हृदय अशक्त झालं होतं. दवाखान्यातून सोडताना त्यांना एक कागद मिळाला: 'दैनंदिन वजननोंद आवश्यक. वृद्धी आढळल्यास त्वरित संपर्क साधावा.' म्हणून लेकीनं मला विकत आणलं.

कागद देणाऱ्यानं विचारलं होतं म्हणे, "समजलं ना?" काका-काकूंनी माना डोलावल्या. मागे रांग खोळंबलेली असताना 'नाही समजलं' म्हणायची कुणाची छाती होते? कागद गेला औषधांच्या पिशवीत.

रोज सकाळी काका माझ्यावर उभे राहायचे. काकू चष्मा लावून वाकायच्या आणि आकडा कॅलेंडरवर लिहायच्या. पहिल्या दिवशी बासष्ट. दोन दिवसांनी चौसष्ट. मग पासष्ट. काकूंना कोण आनंद!

"अहो, अंगी लागतंय बरं का! दवाखान्यात पार चिपाड झाला होतात."

"तुझ्या हातचं... खातोय ना," काका म्हणाले. एवढ्या चार शब्दांत त्यांना दम लागला होता.

अरे, दोन दिवसांत कुणाला दोन किलो मांस चढतं? ते पाणी होतं! थकलेल्या हृदयाला रेटवत नव्हतं म्हणून अंगात साठणारं पाणी. मी जीव तोडून दाखवत होतो, पण माझ्याकडे नुसता आकडा. त्याचा अर्थ ज्यांना ठाऊक होता, त्यांनी तो 'वृद्धी' नावाच्या शब्दात कोंबून ठेवला होता.

विजार कमरेत आवळू लागली. शिंपीच तो! शिलाईत दाबलेलं जादा कापड सोडलं आणि कंबर दोन बोटं सैल केली. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणारा माणूस स्वतःच्या सुजेला कपडा बेतत होता. टेबलाखालून मला त्यांचे पाय दिसायचे, मोज्याचा वळ घोट्यात रुतलेला.

"पायही भरले बघा," काकू म्हणाल्या. मला तेव्हा फुटून जावंसं वाटलं.

अकराव्या दिवशी गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता काका मटकन खाली बसले. श्वास पुरेना. गळ्यात टेप तसाच असताना त्यांना दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी काकू लेकीजवळ रडत होत्या. "डॉक्टर ओरडले गं. वजन करत नव्हता का, म्हणाले. म्हटलं, रोज करत होतो. मग फोन का नाही केला? म्हटलं, अहो डॉक्टर, वाढत होतं ना! कमी झालं असतं तर केला असता की."

शेजारीपाजारी म्हणाले, बाई अडाणी. काकू अडाणी? या दुकानातून ट्रायलशिवाय साधा सदरा बाहेर जात नाही. काकू गिऱ्हाइकाला हात वर करायला लावतात, खाली बसायला लावतात, मगच कपडा देतात. आणि दवाखान्यानं जिवंत माणूस ट्रायलशिवाय हातात दिला!

दुसऱ्या खेपेला काकांना सोडल्यावर दवाखान्यातली एक नर्स घरी आली. तिनं मला टेबलाखालून ओढलं. "काकू, दोन दिवसांत दोन किलो वाढलं, की ते मांस नाही, पाणी. लगेच मला फोन. आता तुम्ही सांगा, काय करणार?" काकू सांगताना चुकल्या, मग पुन्हा नीट सांगितलं. पाच मिनिटं लागली, फार तर सहा.

काका वाचले, पण हृदयाचं जे गेलं ते गेलं. मशीन आता काकू चालवतात. काका शेजारी बसून बटणं लावतात, तीही थांबत थांबत.

परवा मी एकसष्ट दाखवले होते. आज त्रेसष्ट. काकूंनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून बघितलं आणि फोन उचलला. "नर्सबाई, दोन किलो वाढलंय. पाणी आहे." मागे चहा उतू गेला, तरी त्या हलल्या नाहीत.

कागद देणाऱ्यांनो, 'समजलं ना' विचारून मोकळे होऊ नका. समोरच्याला सांगायला लावा. मी तेव्हाही दोन किलोच दाखवले होते. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येत होतं.