दोन्ही चालतं

फुकट डबे कोणी देत नाही, एवढं रेणुकाला कळत होतं. समोर बसलेला हर्षद मात्र सीझनभर रिकामे डबे फुकट द्यायला निघाला होता.

मिरजोळ्याला रेणुका आणि तिचा नवरा अभय यांचा आंब्याचा रस डबाबंद करण्याचा लहानसा कारखाना होता. लोकांनी घरचा आंबा आणायचा, काम होईपर्यंत बाहेरच्या बाकावर गप्पा मारत बसायचं आणि आपल्याच आंब्याचा रस घेऊन जायचं, अशी तिथली रीत. एकाचा रस दुसऱ्याच्या रसात मिसळू नये म्हणून दर खेपेला टाकी धुतली जाई. ते रेणुका स्वतः बघे.

हर्षद मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस.

"वहिनी, तुमच्या मशीनवर आमचे डबे जसेच्या तसे बसतात. एक नट बदलायला नको. तुमचं काम चालू, आमचंही चालू. आणि गिऱ्हाइकाला ताटकळत कशाला ठेवायचं? त्याचा आंबा घ्या, आमचे आधीच रस भरलेले तयार डबे द्या."

"यात तुमच्या कंपनीला काय मिळणार?"

"नातं, वहिनी."

रेणुकाने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. नातं मोजायचं उपकरण तिच्या माहितीत नव्हतं.

अभय मात्र खुलला होता. "रेणू, त्यांचा माल त्यांच्यापेक्षा आपल्याच मशीनवर चांगला निघेल बघ!"

हे वाक्य तिने पूर्वी ऐकलं होतं. लग्नाच्या वेळी अभय मुंबईत कॉम्प्युटर विकायचा. विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी आयबीएमची ओएस टू म्हणजे त्याचा जीव की प्राण; विंडोजचे प्रोग्रॅम विंडोजपेक्षा तिच्यावरच चांगले चालतात, असं तो सांगत सुटे.

"अभय, तुझी ओएस टू विंडोजपुढे का पडली रे?"

"आत्ता काय त्याचं? मेमरी फार लागायची. नव्या कॉम्प्युटरवर विंडोज आधीच घातलेली यायची. शंभरदा सांगितलंय."

"तू गिऱ्हाइकाला काय सांगायचास?"

"विंडोजचे प्रोग्रॅम आमच्यावर चालतात, आमचे तर चालतातच. दोन्ही चालतं! खोटं नव्हतं ते."

"आणि प्रोग्रॅम लिहिणारे काय म्हणायचे?"

"ते म्हणायचे, विंडोजसाठी लिहिलेलं तुमच्यावर चालतंच, मग तुमच्यासाठी वेगळं कशाला लिहू?" अभयने हर्षदकडे पाहिलं. "मग आमच्यासाठी कोणी लिहीच ना. आणि सगळं विंडोजचंच चालवायचं, तर लोक विंडोजच घेणार."

हर्षद मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याचं बोट मात्र मघापासून हललं नव्हतं. ऐकतोय, रेणुकाने ओळखलं.

तेवढ्यात फाटकात टेंपो थांबला. दरवर्षी येणारे बाबाजी उतरले.

"वयनी, आज काय मी थांबत नाय. तयार डबे द्या, हा आंबा ठेवून घ्या."

"तयार डब्यांचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"पाटी हाय की फाटकावर!"

रेणुकाने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "सकाळी हर्षद म्हणाला, लावून तर बघू. मी हो म्हटलं."

"मला न विचारता?"

अभय उठला. तो बाहेर गेला. "बाबाजी, थांबावं लागेल. पण तुमच्याच आंब्याचा रस मिळेल."

"रस तो रस! घरी पावणे बसलेत माजे." बाबाजींनी क्षणभर बाकाकडे पाहिलं, मग ड्रायव्हरला हात केला. "चल रे, दुसरीकडं बघू."

टेंपो वळला. आंब्याचा वास तेवढा अंगणात राहिला.

"गेलं ना गिऱ्हाईक?" हर्षदचा आवाज अजून तितकाच गोड होता. "आता सगळे असेच जातील, वहिनी."

"जातील कदाचित," अभय म्हणाला. "पण इथे तुमचेच डबे मिळणार, तर लोक आमच्याकडे तरी कशाला येतील?" फाटकावरची पाटी सोडवून त्याने हर्षदच्या गाडीच्या टपावर ठेवली. "ही घेऊन जा."